पुणे ते पोलादपूर : नव्या गाडीचे गिअर आणि तीन घाट

हाताने गिअर बदलण्याच्या नव्या मोटारीची सवय होणे याचा अर्थ सामान्यतः क्लच, गिअरचा दांडा आणि अॅक्सिलरेटर यांच्या हालचालींचा मेळ बसणे असा घेतला जातो. परंतु हा मेळ सपाट रस्त्यावर फार लवकर बसतो, आणि तो बसला म्हणून चालकाला गाडी समजली असे म्हणता येत नाही. गाडी समजली की नाही याचा निर्णय चढावर, आणि त्याहूनही अधिक उतारावर होतो. कारण तेथे गिअर कोणता हवा हे वेगाच्या काट्यावरून ठरत नाही, तर पुढच्या वळणापलीकडे रस्ता चढणार आहे की उतरणार आहे यावरून, आणि तेही तेथे पोहोचण्यापूर्वी, ठरवावे लागते. पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघून खंबाटकी, पसरणी आणि आंबेनळी हे तीन घाट ओलांडत पोलादपूरला कोकणात उतरणारा सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे, कारण त्यातील तिन्ही घाटांची प्रकृती वेगवेगळी असून प्रत्येक घाट गिअरच्या उपयोगाचे निराळे अंग दाखवतो. नोव्हेंबर महिन्यात, डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागलेले असताना आणि ऊसतोडीला सुरुवात झालेली असताना, एका नव्या पेट्रोल गाडीतून केलेल्या या प्रवासाचे हे वर्णन आहे.

गाडी पेट्रोलवर चालणारी होती आणि चालकाची मागील अनेक वर्षांची सवय डिझेल गाडीची होती, ही गोष्ट आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके देशभर लागू झाली, त्यांची पूर्तता करणे छोट्या डिझेल इंजिनांसाठी खर्चाचे ठरले आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार उत्पादक कंपनीने डिझेल गाड्यांची निर्मितीच थांबवली. परिणामी महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे जुनी डिझेल गाडी विकून पेट्रोल गाडीकडे वळली. या दोन प्रकारच्या इंजिनांच्या स्वभावात मोठा फरक आहे. इंजिनाच्या आसाला फिरवणारा जो पीळ असतो त्याला टॉर्क म्हणतात. १.३ लिटरचे त्या पिढीतील एक सर्वपरिचित डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनाच १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, १.२ लिटरचे त्याच वर्गातील पेट्रोल इंजिन जेमतेम ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तोही ४००० फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर. डिझेल गाडीचा चालक तिसऱ्या गिअरमध्ये वेग मंदावला तरी गिअर न बदलता अॅक्सिलरेटर दाबून चढ निभावून नेतो. नव्या गाडीत तेच केल्यास इंजिन थरथरते, खालून ठोके ऐकू येतात आणि गाडी चढाच्या मध्यावर दम सोडते. त्यामुळे नव्या गिअरची सवय होण्याचा बराचसा भाग जुनी सवय सुटण्याचा असतो, आणि हा भाग अधिक कठीण असतो असे निःसंकोच म्हणता येईल.

गिअरपेटीचे कार्य थोडक्यात सांगावयाचे तर ती इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण बदलते. छोट्या गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे साडेतीन फेऱ्यांना गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या आसाचा एक फेरा होतो आणि त्यापुढील अंतिम दंतचक्रांमुळे हे प्रमाण आणखी सुमारे चौपट होते, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाला चौदाच्या आसपास फेरे घ्यावे लागतात; पाचव्या गिअरमध्ये मात्र इंजिनाच्या तीन फेऱ्यांतच चाक एकदा फिरते. फेरे जितके अधिक खर्ची पडतात तितका चाकाला मिळणारा पीळ वाढतो आणि वेग घटतो. क्लच हा इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामधील दुवा होय. इंजिनाच्या जड चक्रावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, एक घर्षणयुक्त तबकडी स्प्रिंगच्या दाबाने घट्ट बसलेली असते. पायाने पेडल दाबले की हा दाब निघतो आणि तबकडी मोकळी होते. पेडल सोडताना ज्या ठिकाणी तबकडी चक्राला पुन्हा पकडू लागते ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. जुन्या गाडीत ती पेडलच्या तळाजवळ होती आणि नव्या गाडीत बरीच वर होती, एवढ्या एकाच कारणाने सुरुवातीला गाडी सिग्नलवर बंद पडते किंवा झटका देऊन सुटते. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. ती पायाच्या तळव्याला जाणवणारी बारीक थरथर आणि इंजिनाचा किंचित खाली उतरणारा आवाज यांवरूनच कळते.

रिव्हर्स गिअरची जागा हाही एक स्वतंत्र विषय आहे. काही गाड्यांत तो उजवीकडे खाली असतो, काहींत दांड्यावरील कडी वर ओढून डावीकडे वर न्यावा लागतो, तर काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत दांडा खाली दाबून पहिल्या गिअरच्याही डावीकडे ढकलावा लागतो. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असतील तर ही बाब किरकोळ राहत नाही, कारण अरुंद रस्त्यावर समोरून बस आल्यावर मागे जाण्याऐवजी पुढे उसळणारी गाडी धोक्याची ठरते. गाडी ताब्यात घेतली की ती बंद असतानाच, रस्त्याकडे पाहत आणि दांड्याकडे न पाहता, सर्व गिअर टाकून पाहण्याची जुन्या चालकांची रीत शास्त्रशुद्ध आहे.

पुण्यातून बाहेर पडताना नवले पुलापासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंतचा रस्ता सतत चढत जातो. हा चढ डोळ्यांना फारसा जाणवत नाही, परंतु पाचव्या गिअरमधील पेट्रोल इंजिनाला तो लगेच जाणवतो आणि चौथा गिअर मागून घेतो. विरुद्ध दिशेने येणाऱ्यांसाठी हाच रस्ता उतार आहे, आणि त्या उतारावर झालेल्या प्राणघातक अपघातांमुळे नवले पुलाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे. डिझेल वाचवण्याच्या समजुतीने मालमोटारी न्यूट्रलमध्ये, म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडून, उतरवण्याची सवय हे या अपघातांमागील एक मान्य झालेले कारण आहे. या समजुतीचा विचार आंबेनळीच्या उतारावर सविस्तर करावा लागेल. येथे एवढेच नोंदवणे पुरे की घाटाचा धडा पुणे शहराच्या वेशीवरच सुरू होतो.

खेड शिवापूर आणि शिरवळ ओलांडताना रस्ता बहुतांशी सरळ असल्याने गिअरचे फारसे काम पडत नाही. नव्या इंजिनाला पहिले १००० किलोमीटर एकाच वेगाने दीर्घकाळ चालवू नये, फार वरच्या फेऱ्यांना नेऊ नये आणि फार खालच्या फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये दामटूही नये, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. त्यामुळे या पट्ट्यात चौथा आणि पाचवा गिअर आलटून पालटून वापरणे एवढेच उरते. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, आणि खंडाळ्यानंतर समोर खंबाटकीचा डोंगर आडवा येतो.

खंबाटकीत पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांनी घाट चढावयाचा आणि परतीच्या वाहनांनी बोगद्यातून यावयाचे, अशी व्यवस्था अनेक वर्षे चालत आली. चढाची वाहतूक एकाच दिशेची असल्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाची भीती नसते. अडचण असते ती वेगांतील तफावतीची. माल भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढत असतात, त्यांना ओलांडणारे ट्रक त्यांच्याहून किंचितच वेगाने जात असतात, आणि मागून येणाऱ्या मोटारीला आपला वेग कोणत्याही क्षणी ताशी ६० वरून २० वर आणावा लागतो. अशा वेळी नवखा चालक प्रथम ब्रेक दाबतो, वेग पुरता पडू देतो आणि मग गिअर शोधू लागतो. तोवर गाडीचा रेटा संपलेला असतो आणि तिसरा चालत नाही, दुसरा टाकावा तर वेळ नाही, अशी अवस्था होते. योग्य क्रम याच्या उलट आहे. पुढचा ट्रक वळणावर मंदावणार हे त्याच्या धुरावरून आणि आवाजावरून आधीच कळते, आणि त्याच वेळी, इंजिनाचे फेरे अजून पुरेसे असतानाच, खालचा गिअर पडलेला असावा लागतो. या घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या नेहमी दिसतात. इंजिन तापण्याची कारणे अनेक असली, तरी वरच्या गिअरमध्ये ओझे ओढायला लावणे हे त्यांपैकी एक ठळक कारण होय, कारण इंजिनाचे फेरे कमी असताना त्याला पाणी फिरवून थंड करणारा पंपही, बहुतेक गाड्यांत, मंदच चालत असतो.

खालचा गिअर इतक्या सहजपणे पडतो याचे श्रेय सिंक्रोनायझर नावाच्या लहानशा भागाला आहे. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन दंतचक्रे एकमेकांत अडकवावयाची झाल्यास त्यांचे वेग आधी जुळावे लागतात. ते न जुळता दांडा ढकलला तर दात दातांवर घासून कर्कश आवाज होतो. पूर्वीच्या मोटारींत हे वेग चालकालाच जुळवावे लागत, आणि त्यासाठी क्लच एकदा दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणणे, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा नेमका झटका देणे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकणे, अशी दुहेरी क्रिया करावी लागे. तिलाच चालकांच्या बोलीत डबल क्लच म्हणतात. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये शंकूच्या आकाराच्या घर्षणपृष्ठांनी हे वेग आपोआप जुळवणारी योजना मोटारींत आणली आणि पुढे ती सार्वत्रिक झाली. सिंक्रोनायझरला वेग जुळवण्यासाठी अर्धा क्षण लागतो, म्हणून दांडा ओढून हिसकण्यापेक्षा हलका दाब देऊन तो स्वतःहून आत जाऊ देणे हितावह असते. पहाटेच्या गारव्यात गिअरपेटीतील तेल घट्ट असते तेव्हा दुसरा गिअर जड पडतो. ती गाडीतील खोट नसून तेलाचा गुणधर्म आहे, आणि काही किलोमीटरनंतर तो जडपणा जातो.

सुरूर फाट्यावर महामार्ग सोडून वाईचा रस्ता धरला की वाहतुकीचे स्वरूपच पालटते. गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येथे सर्रास भेटतात. त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालत राहणे आणि समोरचा रस्ता मोकळा दिसताच त्याच गिअरमध्ये फेरे वाढवून पुढे निघणे, हे नव्या पेट्रोल इंजिनाच्या चालकाने शिकण्याचे मोठे कौशल्य आहे. डिझेलच्या सवयीने पुढे निघण्याआधीच तिसरा टाकला, तर ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर गाडी सुस्तावते आणि ओलांडण्याचे अंतर दुप्पट होते. पेट्रोल इंजिनाचा चढता आवाज कानाला प्रारंभी अत्याचारासारखा वाटतो, पण ३५०० फेरे हे त्या इंजिनाच्या दृष्टीने श्रमाचे नव्हे तर सोयीचे ठिकाण असते. मराठी विश्वकोशाचे संपादन ज्या गावातून झाले, त्या वाईत कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपतीचे मंदिर पाहून पुढे निघताच पसरणी घाट सुरू होतो.

पसरणी घाट हा या प्रवासातील खरा शिक्षक होय. वाई आणि पाचगणी यांमधील सुमारे १२ किलोमीटरच्या रस्त्यात साडेपाचशे मीटरहून अधिक चढण आहे, म्हणजे सरासरी २० मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर जाते. परंतु सरासरी येथे फसवी आहे, कारण सरळ पट्ट्यांत चढ बेताचा आणि वळणांच्या आतील बाजूस तो एकदम तीव्र असतो. घाटात डाव्या बाजूने चालणारी आणि वर चढणारी गाडी उजव्या वळणावर बाहेरून, लांब आणि सौम्य वाटेने जाते. डाव्या वळणावर मात्र तिला आतून, आखूड आणि उभ्या वाटेने जावे लागते. म्हणून एकाच घाटात, एकाच वेगात, उजव्या वळणाला तिसरा गिअर पुरतो आणि डाव्या वळणाला दुसरा लागतो, ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नसते. दुसरा गिअर वळण सुरू होण्यापूर्वी पडलेला असावा, वळणात क्लच दाबला जाऊ नये, आणि चाके सरळ होऊ लागताच फेरे वाढवावेत, असा हा क्रम आहे. वळणाच्या मध्यावर क्लच दाबल्यास गाडीचा इंजिनाशी असलेला संबंध नेमक्या नको त्या क्षणी तुटतो, चढावर रेटा जातो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे असताना एक हात दांड्याकडे जातो.

नव्या गाड्यांत वेगाच्या काट्याजवळ वरचा गिअर टाकण्याची सूचना देणारा बाण उमटतो. इंधनबचतीसाठी तो योजलेला असून सपाट रस्त्यावर त्याचे ऐकणे योग्यच आहे. मात्र पुढे वळण आहे आणि वळणानंतर चढ आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि त्यामुळे पसरणीत तो वारंवार चुकीचा सल्ला देतो. घाटात गिअर निवडण्याचे काम कानाकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते. इंजिनाचा आवाज जड आणि तुटक होऊ लागला की खालचा गिअर हवा, आवाज सलग चढत जाऊन पुढे रेटा वाढेनासा झाला की वरचा हवा; ही दोन लक्षणे एकदा ओळखीची झाली की काट्याकडे पाहण्याची गरज राहत नाही आणि नजर दरीकडच्या कठड्यावर, वरच्या वळणावरून उतरणाऱ्या एसटीवर आणि रस्त्यात मध्येच बसलेल्या माकडांवर राहू शकते. घाटाच्या वरच्या भागात, धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेचे खोरे उजेडात उघडे पडते त्या ठिकाणी, बहुतेक गाड्या थांबतात, आणि तेथेच नव्या चालकाची दुसरी परीक्षा होते, ती म्हणजे चढावर थांबलेली गाडी मागे न येऊ देता पुढे काढण्याची.

या क्रियेत तीन गोष्टी एकत्र येतात. हँडब्रेक ओढून ठेवायचा, पहिला गिअर टाकून क्लच पकड घेईपर्यंत सोडायचा आणि इंजिनाचा आवाज किंचित दबून गाडीचे नाक उचलल्यासारखे वाटले की अॅक्सिलरेटर वाढवीत हँडब्रेक सोडायचा. काही नव्या गाड्यांत हिल होल्ड नावाची सोय असते. ब्रेकवरून पाय काढल्यानंतरही ती साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवते आणि तेवढ्या वेळात पाय अॅक्सिलरेटरवर नेता येतो. ही सोय उपकारक आहे यात शंका नाही, परंतु तिच्यावर विसंबून हँडब्रेकची रीत न शिकणारा चालक दोन सेकंदांनंतर गाडी मागे जाऊ लागताच गोंधळतो. पाचगणीच्या बाजारात आणि पुढे वेण्णा तलावाजवळ सुट्टीच्या दिवशी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात हीच क्रिया पुन्हापुन्हा करावी लागते आणि तेथे आणखी एक वाईट सवय जडते. गाडी चढावर ब्रेकने न धरता क्लच अर्धवट सोडून आणि इंजिन हलके चालू ठेवून जागीच तोलून धरणे, याला हाफ क्लच म्हणतात. तबकडी अशा वेळी पूर्ण पकडही घेत नाही आणि पूर्ण मोकळीही होत नाही, ती सतत घासत राहते. थोड्याच वेळात जळक्या वासाने ती आपली अवस्था कळवते, आणि नव्या गाडीची क्लच प्लेट वेळेपूर्वी संपते. पुढची गाडी एक हात सरकली की आपणही एक हात सरकावे, हा आग्रह सोडला आणि दोन-तीन गाड्यांचे अंतर पडू दिले, तर क्लचला विश्रांती मिळते. मागचा चालक हॉर्न वाजवतो. तो वाजवू द्यावा.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तशी हवा विरळ होते, आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारणतः ३ टक्के घटते, म्हणजे पुण्याच्या तुलनेतही येथे गाडी काहीशी अशक्त असते. लिंगमळ्याच्या बाजूच्या साध्या चढावरही तिसरा गिअर का पुरत नाही याचे उत्तर यात आहे, आणि चालकाने त्याचा दोष स्वतःच्या पायांना देण्याचे कारण नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या क्षेत्र महाबळेश्वराहून यांतील सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते, आणि पोलादपूरचा रस्ताही तिच्याच खोऱ्यात उतरतो.

हा रस्ता म्हणजे आंबेनळी घाट. ब्रिटिश काळात त्याला फिट्झगेराल्ड घाट असे नाव होते. त्याच्या लगतच्या दाट रानातून १६५९ मध्ये अफजलखानाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरले होते, आणि वाडा कुंभरोशी येथे प्रतापगडाचा फाटा लागतो तेव्हा जावळीचे ते खोरे किती अडचणीचे होते याची कल्पना गाडीत बसूनही येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता अनेक ठिकाणी वाहून गेला आणि घाट बराच काळ बंद राहिला. महाबळेश्वर ते पोलादपूर या सुमारे ४० किलोमीटरच्या अंतरात गाडी १२०० मीटरच्या आसपास खाली येते. यातील ऊर्जेचा हिशेब मांडणे उद्बोधक आहे. प्रवाशांसह १२०० किलो वजनाची गाडी इतकी खाली उतरते तेव्हा सुमारे १४ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ४० लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी. आणि वेग वाढू द्यावयाचा नसेल तर ही ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. हवेचा आणि टायरांचा विरोध काही भाग घेतो. उरलेली सर्व ऊर्जा ब्रेकवर टाकल्यास डिस्क आणि पॅड तापत जातात, त्यांची घर्षणशक्ती कमी होते, आणि उष्णता ब्रेकच्या द्रवापर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, परंतु हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि ओलावल्यावर त्याच्यासाठी मानकाने ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. द्रव उकळला की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळापर्यंत जाऊनही ब्रेक लागत नाही. उतारावर ब्रेक निकामी होण्याची ही प्रक्रिया आहे.

ही ऊर्जा जिरवण्याचे दुसरे साधन स्वतः इंजिन होय. गाडी खालच्या गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाके इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद झालेली असल्याने आतील दट्ट्यांना पोकळीविरुद्ध ओढ घ्यावी लागते, आणि या ओढीने गाडी रोखली जाते. येथे डिझेलच्या तुलनेत पेट्रोल इंजिनाची बाजू उजवी ठरते, कारण साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट अशी बंद होत नाही. जो चालक चढावर नव्या इंजिनाच्या दुबळेपणाने नाराज झाला असेल, त्याने हा गुण अवश्य लक्षात घ्यावा. चढासाठी जो गिअर लागला असता तोच उतारासाठी ठेवावा, असा जुन्या घाटचालकांचा नियम आहे आणि आंबेनळीत तो अक्षरशः खरा ठरतो: वाडा कुंभरोशीच्या अलीकडील झाडीतल्या सौम्य उतारावर तिसरा, पुढच्या उभ्या वळणांवर दुसरा, आणि ब्रेक फक्त वळणापूर्वी, थोडा वेळ पण ठामपणे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांवर गुरगुरत असते. ते पेट्रोल खात असावे असे वाटते, पण वस्तुस्थिती उलट आहे. इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटर सोडलेला असेल आणि फेरे पुरेसे असतील, तर संगणक इंधनाचा पुरवठा पूर्णपणे तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःचे फेरे टिकवण्यासाठी इंधन घ्यावेच लागते. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचते ही समजूत म्हणजे कार्ब्युरेटरच्या काळातील हिशेब असून नव्या गाडीत तिला काहीही आधार उरलेला नाही. इंजिनच बंद करून उतरणे तर सरळसरळ प्राणघातक आहे, कारण ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

आंबेनळीचा रस्ता अनेक ठिकाणी इतका अरुंद आहे की दोन मोठी वाहने एकमेकांना सहज ओलांडू शकत नाहीत. रस्ता पुरेसा रुंद नसेल तेथे उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा नियम २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहे, आणि त्यामागचे कारण ज्याने पसरणीत चढावर गाडी काढली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही: थांबलेले चढते वाहन पुन्हा हलवणे कठीण असते, उतरते वाहन थांबवणे आणि हलवणे त्या मानाने सोपे असते. खालून एसटी येताना दिसताच वळणाआधीच्या रुंद जागी थांबणाऱ्या गाडीला एसटीचा चालक हात उंचावून दाद देतो आणि दुसऱ्या गिअरच्या खणखणीत आवाजात वर निघून जातो. त्याची ही सफाई पाहण्यासारखी असते. राज्यात एसटीची सेवा १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सुरू झाली. तेव्हापासून घाटातील गिअरचे सर्वांत पक्के ज्ञान महाराष्ट्रात एसटीच्या चालकांपाशी राहिले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, आणि नव्या चालकाने उतरताना पुढे एखादी एसटी असल्यास तिला ओलांडण्याची घाई न करता ती कोठे गिअर बदलते, ब्रेकचे लाल दिवे कोठे लागतात आणि कोठे लागत नाहीत, हे पाहत यावे.

खाली हवा दमट होते, साग आणि आंब्याची झाडे दिसू लागतात, आणि रस्ता पोलादपूरच्या वस्तीत शिरून राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळतो. गाडी थांबवून चाकांजवळ गेल्यावर जळका वास आला नाही, तर उतार योग्य गिअरमध्ये झाला असे समजण्यास हरकत नाही. प्रस्तुत प्रवासात तो आला नाही. त्याच थांब्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीच्या चाकांतून मात्र धूर निघत होता आणि तिच्यातील मंडळी चाकांवर पाणी ओतण्याच्या तयारीत होती. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास ती वाकडी होण्याचा किंवा तिला तडा जाण्याचा संभव असतो. गाडी तशीच उभी ठेवून ब्रेक थंड होऊ देणे हाच योग्य उपाय आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १५ हा परवान्याच्या चाचणीविषयी आहे. उतारावर त्वरेने खालचा गिअर टाकता येणे, आणि तीव्र चढावर थांबवलेली गाडी मागे न येऊ देता पुन्हा काढता येणे, या दोन्ही गोष्टी उमेदवाराने करून दाखवाव्यात असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. तरीही आपल्याकडे बहुतेक चालक सपाट मैदानावर किंवा शहरातल्या गल्लीत गाडी शिकतात आणि पहिला घाट कुटुंबाला सोबत घेऊन, सुट्टीच्या गर्दीत चढतात. पुण्यातील ड्रायव्हिंग स्कूलांना जुना कात्रज घाट हाताशी आहे, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या बहुतेक तालुक्यांना असा एखादा घाट जवळ आहे. शिकवणाऱ्यांनी प्रत्येक शिकाऊ चालकाला परवान्यापूर्वी तो एकदा चढवून आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरवून आणावा. आणि ज्यांनी नवी गाडी घेतली आहे त्यांनी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, रस्ता मोकळा असताना, हे स्वतः करून पाहावे.